रानातल्या जिवांचा वाटा

मननासाठी शास्त्रभाग : निर्गम, अध्याय २३, वचने १० व ११



मोशेच्या द्वारे इस्राएल लोकांस जे नियमशास्त्र मिळाले, त्यात शेतीविषयी एक लहानसा नियम आहे. तो वाचावयास दोन क्षण पुरतात, आणि बहुतेक वाचक तो वाचून तसेच पुढे जातात. त्याचा भावार्थ असा की, सहा वर्षे जमीन पेरावी व तिचे उत्पन्न घरी आणावे. परंतु सातव्या वर्षी ती पडीत टाकावी. त्या वर्षी जे आपोआप उगवेल ते लोकांतील गरिबांनी खावे, आणि त्यांनी खाऊन जे उरेल ते रानातील पशूंनी खावे. द्राक्षमळा व जैतुनाची बाग ह्यांसही हाच नियम लागू होता.

ह्या नियमात एकाच ताटाभोवती तिघे बसलेले दिसतात: शेताचा धनी, गावातला गरीब आणि रानातला पशू. पहिल्या दोघांविषयी आमच्या व्यासपीठांवरून पुष्कळ उपदेश झाला आहे. तिसऱ्याचे नाव मात्र आमच्या तोंडी क्वचितच येते. तथापि ज्याने हा नियम दिला त्याने ते नाव विचारपूर्वक घातले आहे. धन्याला दया आली तर त्याने पशूंकडे एखादा तुकडा टाकावा, असे तेथे म्हटलेले नाही. जमिनीच्या खऱ्या मालकानेच हा वाटा बांधून दिला आहे, आणि आम्ही केवळ त्याची कुळे आहोत. आज ह्या तिसऱ्या वाट्याचा विचार करू: तो कोणी ठरविला, तो कोठे गेला, आणि आमच्या खेड्यांतील मंडळ्या व शाळा तो परत कसा देऊ शकतील.

१. वाटा देवाने ठरविला आहे

हा नियम शास्त्रात एकटा नाही. जलप्रलयानंतर देवाने जो करार केला तो केवळ नोहाशी व त्याच्या मुलांशी केला नाही. तारवातून बाहेर पडलेल्या प्रत्येक जिवंत प्राण्याशी केला. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात पक्ष्याच्या घरट्याविषयी आज्ञा आहे: वाटेत घरटे आढळले, तर पिलांबरोबर आईला धरू नये. एकशे चौथ्या स्तोत्रात स्तोत्रकर्ता झाडे, कडे व डोंगर ह्यांची नावे घेतो आणि प्रत्येक ठिकाण कोणत्या प्राण्यासाठी आहे हे सांगत जातो. कोणते झाड पक्ष्याचे, कोणता डोंगर रानबकऱ्याचे, कोणता खडक लहान जनावराचे, हे सर्व तेथे वाटून दिलेले आहे. जणू गावचा तलाठी सातबाऱ्यावर नावे लावीत आहे.

आणि प्रभु येशूने आपल्या दारिद्र्याविषयी बोलताना दाखला कोणाचा दिला? कोल्ह्याला बीळ आहे, पाखराला घरटे आहे, पण आपल्याला डोके टेकावयास ठाव नाही, अशा अर्थाचे ते बोलणे मत्तयाच्या आठव्या अध्यायात आहे. त्या काळी कोल्ह्याला बीळ असणे ही सर्वांस ठाऊक असलेली गोष्ट होती. म्हणूनच तो दाखला ऐकणाऱ्यांच्या मनास लागला. आज आमच्या माळावर उभे राहून आपण हा दाखला देऊ लागलो, तर ऐकणाऱ्या मुलाने विचारावे, ‘पाळकसाहेब, कोल्ह्याचे बीळ कोठे आहे?’ आणि आम्हांस बोट दाखवावयास जागा सापडू नये, अशी स्थिती पुष्कळ गावांत झाली आहे.

२. वाटा कोठे गेला

रानातले जीव नाहीसे झाले म्हणजे त्यांस शिकाऱ्यांनी मारले, असे आपण समजतो. शिकारीने हानी झाली हे खरे. परंतु त्याहून मोठे कारण हे की त्यांचे घरच राहिले नाही. पक्ष्याला गोळी न घालता त्याचे झाड तोडले, तरी शेवट एकच होतो.

आमच्या दख्खनच्या पठाराचेच उदाहरण घ्या. सोलापूर व अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) ह्या जिल्ह्यांतील उघडे माळ सरकारी कागदांत फार काळ ‘पडीक’ म्हणून लिहिले गेले. पडीक म्हणजे निरुपयोगी, असा अर्थ लोकांनी घेतला. पण ह्याच माळांच्या गवतात माळढोक राहत असे. माळढोक हा जमिनीवर राहणारा मोठा पक्षी आहे; नर पुष्कळदा दहा किलोंहून जड भरतो. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. अशा पक्ष्याची संख्या लवकर वाढत नाही, म्हणून त्याचे गवत जपणे फार अगत्याचे होते. त्याच्यासाठी १९७९ साली सोलापूरजवळ नान्नजचे अभयारण्य झाले. परंतु भोवतालचे माळ नांगरले गेले, काही ठिकाणी त्यांवर झाडे लावली गेली, विजेच्या तारा आल्या. आज महाराष्ट्रातून माळढोक जवळजवळ नाहीसा झाला आहे, आणि सबंध भारतात तो दीडशेच्याही आत उरला आहे.

ह्यात आम्हांस एक धडा आहे. माळावर झाडे लावणाऱ्यांनी ते काम चांगल्या हेतूनेच केले असेल. परंतु प्रत्येक जिवाला झाडच हवे असते असे नाही. माळढोक, काळवीट, चंडोल, टिटवी, खोकड ह्यांचे घर म्हणजे उघडे गवत होय. त्यावर दाट झाडी उभी करणे म्हणजे एखाद्याच्या घरावर आपल्या आवडीचे घर बांधणे. वाटा परत देताना तो कोणाचा होता हे आधी विचारले पाहिजे. कर्जत तालुक्यातील रेहेकुरीचे काळविटांचे अभयारण्य १९८० साली स्थापन झाले. ते अवघे २.१७ चौरस किलोमीटरचे आहे; अभयारण्यांत ते फार लहान गणले जाते. तरी गवत व बाभळी राखल्यामुळे तेथे काळविटांचे कळप आजही दिसतात. लहान जागाही व्यर्थ जात नाही.

३. ज्यांनी वाटा राखला

आता दूरच्या एका मंडळीकडे पाहू. आफ्रिका खंडात इथिओपिया नावाचा देश आहे. तेथे ख्रिस्ती धर्म इसवी सनाच्या चौथ्या शतकापासून नांदत आहे. त्या देशाच्या उत्तर भागात एके काळी मोठी अरण्ये होती. शेती, गुरे व सरपण ह्यांपायी ती जवळजवळ सर्व गेली, आणि डोंगर उघडे पडले. परंतु त्या उघड्या मुलखात जागोजागी हिरवे ठिपके दिसतात. प्रत्येक ठिपक्याच्या मधोमध एक उपासनामंदिर असते. मंदिराभोवतीची झाडी मंदिराचाच भाग आहे, ती एदेन बागेची आठवण आहे, असे तेथील भाविक मानतात. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तिला कुऱ्हाड लागली नाही. अशी हजारो देवळे तेथे आहेत, आणि त्या देशातील कित्येक झाडे, पक्षी व किडे ह्यांचा शेवटचा आसरा आता ह्या देवळांच्या आवारांतच उरला आहे.

तथापि तेथेही संकट आले. कुऱ्हाड थांबली, पण गुरे थांबली नाहीत. म्हातारी झाडे उभी होती, परंतु त्यांच्या बियांची रोपे उगवताच गुरे ती खात व तुडवीत. वरून अरण्य दिसे, खाली त्याला वारस नव्हता. आलेमायेहू वासी ह्या इथिओपियन अभ्यासकाने संशोधन करून दाखविले की, गुरांस बाहेर ठेवले तर रोपे जगतात व झाडी आपोआप भरून येते. मार्गारेट लोमन ह्या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ बाई त्यांच्या साह्यास आल्या. त्यांनी तेथील धर्मगुरूंस एकत्र बसवून ही गोष्ट समजावून दिली. मग गावकऱ्यांनी आपल्या शेतांतील दगड वेचून मंदिराच्या झाडीभोवती गडगे घातले. शेतांतील दगड गेल्याने शेते सुधारली, आणि गडग्याच्या आत रोपे वर आली. दगड शेतातला, हात गावचे, आणि गडग्याच्या आत देवाच्या प्राण्यांस घर मिळाले.

वारस नसलेल्या त्या झाडीचा विचार करताना आम्हांस आमच्या मंडळ्या आठवतात. जेथे म्हातारी माणसे बाकांवर बसलेली आहेत, पण मुलांस कोणी जपत नाही, तेथेही वरून सर्व ठीक दिसते. ज्यांस कान आहेत त्यांनी हे मनात ठेवावे.

आमच्या सह्याद्रीतही असे ठिपके आहेत. त्यांस देवराई म्हणतात. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक ह्या अभ्यासकांनी १९७० च्या दशकापासून त्यांचा अभ्यास करून दाखविले की, भोवतालची राने तुटली तरी ह्या राया पुष्कळ ठिकाणी टिकून राहिल्या. इतरत्र दुर्मिळ झालेल्या वेली व वृक्ष तेथे मिळतात. आमच्या काही बांधवांस देवराईचे नाव काढणे संकोचाचे वाटते, कारण ती ज्या देवतेच्या नावाने राखली जाते तिचे भजन आपण करीत नाही. हा संकोच आम्ही समजतो. परंतु विचार करा: आमच्या शेजाऱ्याने भक्तिभावाने कुऱ्हाड उंबऱ्याबाहेर ठेवली. सर्व वृक्षांचा व पशूंचा उत्पन्नकर्ता आम्हांस ठाऊक आहे असे आम्ही म्हणतो. मग आमच्या आवारात शेजाऱ्याच्या रायीपेक्षा कमी पाखरे असावीत काय? शेजाऱ्यास दोष देण्यापूर्वी आपले आवार पाहावे.

४. आम्ही काय करावे

आमच्या बहुतेक मंडळ्यांपाशी थोडीशी जमीन असते: उपासनामंदिरामागचा तुकडा, दफनभूमीची कड, शाळेच्या पटांगणाचा कोपरा. ह्या तुकड्याविषयी वडिलांच्या सभेत बहुधा दोनच प्रश्न निघतात. तो भाड्याने द्यावा काय? आणि जेसीबी लावून साफ करावा काय? तिसराही एक प्रश्न आहे, तो आम्ही तुमच्यापुढे ठेवितो. तो रानातल्या जिवांस द्यावा काय?

अमेरिकेतील नॅशनल वाइल्डलाइफ फेडरेशन ही संस्था १९७३ पासून घरांच्या, आणि पुढे शाळांच्याही, आवारांत रानातल्या जिवांसाठी जागा राखण्याचे काम करीत आहे. अशा जागेत चार गोष्टी असाव्यात, असे ती शिकविते: अन्न, पाणी, आसरा, आणि पिले वाढविण्यास ठिकाण. ह्या चारही गोष्टी आमच्या खेड्यात पैशावाचून होऊ शकतात.

अन्न. आपल्याच मातीतली झाडे लावावी. जेथे जागा मोठी आहे तेथे वड, पिंपळ व उंबर. इतर फळे नसतात अशा दिवसांतही उंबराच्या जातीची झाडे फळतात, म्हणून पाखरे त्यांवर जगतात. लहान जागेत बोर, करवंद, बाभूळ, हिवर. कढीलिंबाच्या व लिंबाच्या पानांवर एक जातीचे फुलपाखरू अंडी घालते. रुईच्या पानांवर दुसरे. ज्या रुईला आपण तण म्हणून उपटतो ती त्या अळीची भाकर आहे. सुबाभूळ व निलगिरी परमुलखातून आलेली आहेत. त्यांची लागवड करू नये. घाणेरी व गाजरगवत मात्र मुळासकट काढावे, कारण ती पसरली म्हणजे दुसऱ्या कोणास जागा ठेवीत नाहीत.

पाणी. उथळ परळ किंवा फुटक्या माठाचा बूड पुरे. त्यात दोन-चार दगड ठेवावे, म्हणजे मधमाश्या बुडणार नाहीत. पाणी रोज बदलावे, म्हणजे डास होणार नाहीत.

आसरा. आवारातील प्रत्येक काडी झाडून काढणे म्हणजे स्वच्छता, असे मुलांस शिकवू नये. खोल्यांभोवती व पायवाटांवर जागा मोकळी व साफ ठेवावी, हे योग्यच आहे. त्याने साप-विंचवाचे भय राहत नाही. परंतु लांबच्या कोपऱ्यात दगडांचा ढीग, काटेरी झुडूप व उभे गवत राहू द्यावे. मुलांनी शिक्षकांवाचून तेथे जाऊ नये, व दगडांत हात घालू नये. वाळलेले झाड कोणाच्या घरावर किंवा रस्त्यावर पडण्यासारखे नसेल तर ते तोडू नये. त्याच्या ढोलीत पोपट, साळुंकी, पिंगळा व घुबड राहतात. घुबड अशुभ आहे ही समजूत आमच्या घरांतूनही पुरती गेलेली नाही. उपदेशकांनी स्पष्ट सांगावे की, देवाने केलेले पाखरू अशुभ नसते, आणि गव्हाणी घुबड तर रात्रभर शेतकऱ्याचे उंदीर मारीत असते.

पिलांची जागा. उन्हाळ्यात माळाला व बांधांना काडी लावण्याची चाल फार ठिकाणी आहे. नेमके त्याच दिवसांत टिटवीची अंडी उघड्या जमिनीवर असतात. निदान आमच्या आवारात काडी लागू नये, व आमच्या हाताने शेजारच्या माळालाही लागू नये. विहिरीवर झुकलेल्या बाभळीला सुगरणींची घरटी असतील, तर पिले उडून जाईतो ती फांदी राखावी.

ह्या कामाचा मोठा भाग शाळेने उचलावा. राष्ट्रीय हरित सेना ह्या नावाने २००१ सालापासून शाळांत पर्यावरणाची मंडळे चालतात. जेथे मंडळ असेल तेथे त्याकडेच हे काम सोपवावे. आठवड्यातून एकदा मुलांनी कोपऱ्यापाशी शांत बसून जे दिसेल ते एका वहीत लिहावे: तारीख, पाखराचे नाव, झाडाला फूल आले की फळ. नाव ठाऊक नसेल तर आजीला विचारावे. गावच्या म्हाताऱ्यांस जी नावे येतात ती पुस्तकांत नसतात. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. मुलांची वही त्या समितीस फार उपयोगी पडेल, आणि आमची मुले गावच्या सर्व मुलांबरोबर एका कामात उभी राहतील.

५. गरिबाचे काय?

आता एक आक्षेप ऐकला पाहिजे, कारण तो खरा आहे. आमच्या मंडळ्यांत पुष्कळ बांधव भूमिहीन आहेत. त्यांच्यापाशी दोन शेळ्या, एवढीच ठेव. ते म्हणतील, ‘पाळकसाहेब, तुम्ही पाखरांसाठी कुंपण घालता, आमच्या शेळीने कोठे जावे?’ आणि ज्यांचे शेत आहे ते म्हणतील, ‘रानडुकरे आमची ज्वारी लोळवितात, त्यांस आणखी काय द्यावे?’

ह्याचे उत्तर आमच्या वचनातच आहे. तेथे क्रम ठरलेला आहे: आधी गरीब, मग पशू. म्हणून ज्या कुंपणाने गरिबाच्या तोंडचा घास जातो ते कुंपण ह्या नियमाप्रमाणे नाही. पण मोकळी चराई आणि गरिबाचा घास ह्या दोन गोष्टी एकच नव्हेत. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव पाहा. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाल्यावर गावकऱ्यांनी श्रमदानाने डोंगरावर चर खणले, झाड तोडणे बंद केले, आणि मोकळी चराईही बंद केली. परंतु गवत विळ्याने कापून नेण्यास मोकळीक ठेविली. मुळांस हात लागला नाही, म्हणून गवत वाढले. आणि गवत वाढले म्हणून गुरांस चारा मिळाला व दूधही वाढले. आमच्या आवारातही असेच करावे. पाखरांची पिले उडून गेल्यावर, पावसाळा सरल्यावर, गवताचा काही भाग कापावा व तो प्रथम मंडळीतील सर्वांत गरीब घरास द्यावा. बोरे व करवंदे विधवांनी व मुलांनी आधी वेचावी. उरतील ती पाखरांची. असे केले म्हणजे मोशेचा नियम अक्षरशः आमच्या दफनभूमीच्या कडेला पाळला जाईल.

रानडुकरांविषयी सांगावयाचे तर, त्यांचे नुकसान खरे आहे, व ते सोसणाऱ्यास उपदेशाने भरपाई होत नाही. शासनाचे वनखाते अशा नुकसानीची भरपाई देते. उपदेशकांनी अडाणी बांधवांचा अर्ज विलंब न लावता लिहून द्यावा. हीही सेवाच आहे. परंतु दफनभूमीच्या कोपऱ्यातील करवंदीने रानडुकरे येत नाहीत. तिने बुलबुल येतात.

शेवटी एक गोष्ट. सातव्या वर्षी पेरले नाही तर खावे काय, हा प्रश्न इस्राएल लोक विचारतील हे परमेश्वरास ठाऊक होते. लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायात तो प्रश्न नमूद आहे, आणि त्याचे उत्तरही. नियम विश्वासाचा होता. लोकांनी तो विश्वास ठेविला नाही. इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या अखेरीस लिहिले आहे की, लोक बाबेलास बंदिवासात गेल्यावर भूमीने आपले राहिलेले विसाव्याचे दिवस भोगले. सत्तर वर्षे ती ओसाड पडून होती. जो वाटा लोकांनी हाताने दिला नाही तो भूमीने त्यांच्या मागे घेतला. आमच्या गावांच्या विहिरी आटत आहेत, माळावरची माती पावसाबरोबर वाहून जात आहे. ही भूमी आपला हिशेब मागत नाही असे कोण म्हणेल?

म्हणून वडील व उपदेशक ह्यांस आमची विनंती आहे की, येत्या सभेत हा विषय घ्यावा. तुकडा लहान असला तरी चालेल. त्याच्या हद्दी चालून पाहाव्या, त्याची नोंद सभेच्या वहीत करावी, म्हणजे पुढचे पंच तो सहज भाड्याने देणार नाहीत. सुगीनंतर दोन दिवस मंडळीने, शब्बाथशाळेच्या मुलांनी व शेजाऱ्यांनी मिळून दगड वेचावे व गडगा घालावा. मग आत जाऊन फार काही करू नये. बी पाखरे आणतील, पाऊस देव देईल. आमचे काम कुंपण राखण्याचे व वाट पाहण्याचे आहे.

ज्याने पाखरास घरटे व कोल्ह्यास बीळ नेमून दिले, तो आम्हांस त्यांचा वाटा न बुडविण्याची बुद्धी देवो. आमेन.